तिला वेचू द्या

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षे दोन महिन्यांची आहे. आम्ही घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या गृहसंकुलात अठराव्या मजल्यावर राहतो. आठवडाभर मी नोकरीसाठी बाहेर असते, म्हणून शनिवार-रविवारची सकाळ तरी तिच्यासोबत उघड्यावर घालवावी आणि पाने, फुले, बिया यांपासून तिच्याकडून छोट्या वस्तू करून घ्याव्यात, असे मी ठरवले. मोबाइलवर पाहून पानांचे घुबड, काड्यांची चौकट आणि बियांचा मोर असे तीन प्रयत्न केले. प्रत्येक वेळी ती तीन मिनिटांत उठून पळाली. तिने पाने फाडली, एक बी तोंडात घातली, डिंकाची बाटली उलटी केली. शेवटी घुबड मीच पूर्ण केले आणि तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. सासूबाई म्हणतात की हे वय मातीत हात घालण्याचे नाही, उगाच आजारपण येईल. त्यांचे स्वतःचे बालपण गुहागरला गेले असूनही त्या असे म्हणतात, याचे मला नवल वाटते. संकुलाचा माळी आम्हाला पाहिले की लगेच 'फुलांना हात लावू नका' असे बजावतो. माझे काय चुकते आहे? की ती अजून फारच लहान आहे? आणि घरी पानाबियांचा जो ढीग साचला आहे, त्याचे काय करू?
– एक आई, ठाणे

उत्तर :

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात : 'शेवटी घुबड मीच पूर्ण केले.' घुबड तुम्हाला हवे होते, म्हणून ते तुम्ही पूर्ण केले. तिला पान फाडून पाहायचे होते, बी जिभेवर ठेवून पाहायची होती आणि बाटली उलटी केल्यावर आतला पांढरा ओघळ कुठवर जातो हे पाहायचे होते, आणि ही तिन्ही कामे तिने तीन मिनिटांत व्यवस्थित उरकली. तेव्हा तुमचे फार काही चुकलेले नाही आणि ती फार लहानही नाही. तुम्ही निवडलेल्या वस्तू साडेचार-पाच वर्षांच्या मुलांच्या आहेत, एवढेच.

घुबड करायचे म्हणजे काय काय करावे लागते ते पाहा. अजून न झालेले घुबड मनात धरून ठेवायचे, अंगासाठी मोठे पान कोणते आणि डोळ्यांसाठी लहान कोणते हे ठरवायचे, डिंक बेताने लावायचा, तो सुकेपर्यंत थांबायचे आणि एवढे सगळे होईपर्यंत मुळात घुबड करायचे होते हे विसरायचे नाही. सव्वादोन वर्षांच्या मुलाला हातातली वस्तू दिसते, दहा मिनिटांनी होणारी वस्तू दिसत नाही. पान फाडणे आपल्याला नासधूस वाटते. पण त्यात एक हात पुढे आणि दुसरा मागे असे दोन्ही हात एकाच वेळी उलट दिशांना चालवावे लागतात, अंगठा आणि तर्जनीची चिमूट घट्ट धरावी लागते, आणि हीच चिमूट पुढे सदऱ्याचे बटण लावते व पेन्सिल धरते. मी ठाण्यात जवळपास तीस वर्षे बालवाडीत शिकवले. पहिल्या वर्षी मीही सगळ्या मुलांकडून एकसारखे मोर करून घेतले होते, कारण पालकसभेच्या दिवशी भिंत भरलेली दिसायला हवी होती. खरे सांगायचे तर ते सगळे मोर आदल्या संध्याकाळी मी आणि आमच्या मदतनीस बाईंनी बसून चिकटवले होते, आणि सभेला आलेल्या एकाही मुलाला त्यातला आपला मोर ओळखता आला नाही.

या वयाच्या कामासाठी मराठीत एक नेमके क्रियापद आहे : वेचणे. प्राजक्ताची फुले आपण तोडत नाही, वेचतो. बकुळीची आणि बुचाचीही वेचतो. खाली वाकायचे, पुष्कळांतून एक निवडायचे, उचलायचे, मुठीत ठेवायचे आणि पुन्हा वाकायचे, एवढेच त्यात असते, आणि दोन वर्षांच्या मुलाची अर्धी सकाळ त्यात आनंदाने जाते. माझा सल्ला असा, की पुढचे वर्षभर तिच्यासाठी वेचणे, खोचणे, दाबणे आणि ओतणे ही चारच कामे धरा. त्यातून एखादी वस्तू झाली तर झाली. घुबडे तुम्ही खुशाल करा, पण ती रात्री, ती झोपल्यावर, स्वतःसाठी करा.

हे मी पदरचे सांगत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या आणि 1957 साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी आणि कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहेत. परंतु 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा होईपर्यंत ती गावे ठाणे जिल्ह्यातच होती, म्हणजे ही आपल्या जिल्ह्यातलीच परंपरा आहे. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती, म्हणून तेथे पाने, बिया, खडे, शंख-शिंपले आणि माती हीच बालवाडीची साधने झाली. आज जे 'निसर्ग-खेळ' म्हणून रंगीत खोक्यातून विकत मिळते, ते त्या टेकडीवर झाडाखाली पडलेले असे.

आता या शनिवारचे पाहू. तुमचे पत्र फेब्रुवारीच्या अखेरीस आले आहे आणि आपल्याकडे वेचण्यासाठी हा काळ चांगला असतो. जमीन कोरडी असते, पावसाळ्यातले सुरवंट नसतात, देशी बदामाची पाने लाल होऊन गळत असतात आणि पिंपळही जुनी पाने टाकू लागलेला असतो. संकुलातच अशी झाडे असतील तर उत्तम. नसतील तर पाचपाखाडीतील कचराळी तलावाच्या किंवा उपवन तलावाच्या काठी एखादी सावलीची जागा शोधा. सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ ठेवा, कारण त्यानंतर ऊनही वाढते आणि मूल भुकेने किरकिरेही होते. सोबत पाण्याची बाटली, एक जुना पंचा आणि स्टीलचा एक डबा घ्या. कापडी पिशवीपेक्षा डबा बरा. पिशवीचे तोंड सारखे मिटते, डबा उघडा राहतो आणि त्यात शेंग टाकली की आवाज होतो. निम्म्या मुलांना त्या आवाजासाठीच वेचायचे असते.

माझा सर्वांत आवडता उद्योग मातीच्या गोळ्याचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. कुंडीतील स्वच्छ माती पाण्याने घट्ट भिजवून मोसंबीएवढा गोळा करा आणि तो एखाद्या सपाट दगडावर ठेवा. गोळा फार ओला असेल तर खोचलेले पान आडवे होते आणि फार कोरडा असेल तर चिरतो. भाकरीच्या पिठाहून थोडा घट्ट असला म्हणजे बरोबर. मग पिंपळाची त्याच दिवशी पडलेली पाने घ्या, कारण जुन्या पानांचे देठ तुटतात. एक पान तुम्ही गोळ्यात खोचून दाखवा आणि नंतर बोलणे बंद करा. ती पहिले पान पात्याला धरेल आणि देठ वाकेल. दुसऱ्या पानाचेही बहुधा तेच होईल. तिसऱ्या-चौथ्या पानाला तिची चिमूट आपोआप देठावर खाली सरकते, मातीपासून बोटभर अंतरावर येऊन थांबते, आणि देठ आत जातो. हा क्षण पाहण्यासारखा असतो आणि आपण मध्ये हात घातला की तो हमखास हुकतो. पिंपळाचे पाते रुंद आणि देठ लांब, बारीक व लवचीक असल्यामुळे आपल्याला वारा जाणवत नाही तेव्हाही पान हलत असते. गोळ्यात आठ-दहा पाने उभी राहिली की सगळी एकदम थरथरू लागतात. माझ्या वर्गातील एक अडीच वर्षांचा मुलगा एरवी एका जागी दोन मिनिटे टिकत नसे. तो पाने हलायची थांबली की गोळ्यावर फुंकर घालायचा, हलली की माझ्याकडे वळून पाहायचा आणि पुन्हा ती थांबण्याची वाट पाहायचा. पंधरा मिनिटे तो तिथून हलला नाही. त्या गोळ्याला आम्ही काही नाव दिले नव्हते. 'हे झाड आहे का? हे साळिंदर आहे का?' असे विचारण्याचा मोह आपल्याला होतो, तो आवरावा. नाव द्यायचे असेल तर ती देईल.

बदामाच्या पानाचा देठ आखूड आणि जाड असतो, त्यामुळे ते खोचायला उपयोगी नाही. ते हातभर नसले तरी वीतभर सहज असते, चामड्यासारखे चिवट असते आणि लाल झाले तरी लगेच चुरत नाही, म्हणून त्यावर वाढता येते. भातुकलीची ही सर्वांत जुनी पत्रावळ आहे. पानावर मातीचा भात, पाकळ्यांची भाजी आणि वाळक्या पानांच्या चुऱ्याची चटणी तिला वाढू द्या आणि तुम्ही जेवा. या खेळात तिला डिंक लागत नाही, कात्री लागत नाही, आणि पानावर डावीकडे काय व उजवीकडे काय याची तिची स्वतःची एक मांडणी दोन-तीन रविवारांत तयार होते. पदार्थ खरोखर तोंडात जाऊ नयेत एवढ्यासाठी तुम्ही जेवताना हात ओठांपासून दूर ठेवून 'मम्म' करा. ती तुमची नक्कल करते.

चालता चालता करण्याजोगा एक उद्योग आहे. रंगारी भिंतींच्या कडेला लावतात ती कागदी चिकटपट्टी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. तिचा एक वेढा, चिकट बाजू बाहेर ठेवून, मुलीच्या मनगटाभोवती सैल गुंडाळा, आत तुमचे एक बोट सहज जाईल इतका सैल. मग फिरायला निघा. जे आवडेल ते ती कड्यावर चिकटवेल. बोगनवेलीची म्हणजे कागदी फुलांची गळालेली पाती यासाठी फार चांगली, कारण ती हलकी आणि कोरडी असतात आणि घोडबंदरच्या बाजूच्या बहुतेक संकुलांत कुंपणाखाली त्यांचा गुलाबी सडा पडलेला असतो. मात्र वेलीला काटे असतात, म्हणून खाली पडलेलेच घ्यायचे. कडे पाच मिनिटांत ओरबाडून फेकले तरी वाईट वाटून घेऊ नका. दुसरे पाच पैशांत होते.

ठसे उमटवण्यासाठी शाडूची माती सर्वांत चांगली, कारण ती मऊ असते आणि बारीकशी रेषाही धरून ठेवते. गणपतीच्या कारखान्यातून थोडी मागून आणता येते. ती मिळाली नाही तर साधी कणीक भिजवून घ्या; परंतु वाळल्यावर टिकावी म्हणून भरपूर मीठ घालून जी कणीक मळतात, ती या वयाला देऊ नका, कारण तेवढे मीठ पोटात गेले तर लहान मुलाला खरोखर बाधते. मातीची पोळी थापून त्यावर पान ठेवताना पानाची पाठ खाली येऊ द्या. शिरा पाठीमागच्या बाजूला उठावदार असतात, पुढची बाजू गुळगुळीत असते, त्यामुळे ती बाजू खाली ठेवली की ठसा पुसट येतो आणि दोष मातीला दिला जातो. दाबण्याचे काम तिचे; तळहाताने, मुठीने, वाटल्यास टाचेनेही दाबू द्या. पान मात्र तिला स्वतःला सोलून काढू द्या, कारण सगळी गंमत त्या उचलण्यात आहे. वाळलेला ठसा दोन दिवसांत तुटतो, आणि तुटला की तुकडे पाण्यात भिजवून पुन्हा गोळा करता येतो.

गुलमोहराच्या वाळलेल्या शेंगेला तर काहीच करावे लागत नाही. ती हलवली की आत बिया वाजतात, म्हणजे खुळखुळा झाडानेच करून ठेवलेला असतो. फक्त तिच्या कडा आणि टोक टणक असतात, म्हणून ती चेहऱ्याजवळ नाचवू देऊ नये आणि शेंग फुटली की ती काढून घ्यावी. दगडावर पाण्याने ब्रश फिरवणे, ओले चित्र उन्हात विरताना पाहणे, हाही एक उत्तम उद्योग आहे, पण त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही. कुंपणावर निळी गोकर्ण असेल तर तिची गळालेली चार फुले कागदावर चुरडा; निळा डाग पडेल. त्यावर तुम्ही लिंबाचा थेंब टाकलात तर निळ्याचा जांभळा होतो. हे पाहून मुलांपेक्षा आयाच जास्त हरखतात, असा माझा अनुभव आहे.

बी तोंडात घातल्याचे तुम्ही ओझरते लिहिले आहे. मी मात्र त्यावर थांबणार आहे. दोन वर्षांचे मूल वस्तू तोंडाने ओळखते, हे तिचे वळण काही रागावून सुटणारे नाही, म्हणून आपणच वस्तू मोठ्या निवडायच्या. टिश्यू पेपरच्या गुंडाळीच्या आत पुठ्ठ्याची सुमारे 4 सेंटिमीटर व्यासाची नळी असते. जी वस्तू त्या नळीतून आरपार पडते ती तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. या हिशेबाने चिंचोके, करंजाच्या आणि बहाव्याच्या बिया, लहान खडे हे सगळे आणखी वर्षभर बाद, आणि बियांचा मोरही बाद. माझ्या वर्गात एका मुलाने चिंचोका नाकात सारला होता. मी घाबरून चिमट्याने काढायला गेले आणि तो आणखी आत गेला; शेवटी कान-नाक-घसा डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढला आणि मला चार शब्द सुनावले, ते योग्यच होते. बी ओलाव्याने फुगते, त्यामुळे अशा वेळी घरी खटपट न करता लगेच डॉक्टरांकडे जावे.

दुसरा धोका विषारी झाडांचा आहे आणि तो जंगलापेक्षा संकुलात जास्त असतो. लिफ्टजवळच्या कुंड्यांत हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचे जे झाड हमखास असते, त्याला डिफेनबेकिया म्हणतात. त्याच्या पानात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि पान चावले की तोंड आणि जीभ सुजते. कुंपणाला लावलेल्या ड्युरांटाची पिवळी मण्यांसारखी फळे, घाणेरीची हिरवी फळे, एरंडाच्या बिया आणि पिवळ्या कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत. आमच्या लहानपणी कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आम्ही खेळलो, तरीही मी हे सांगते आहे. गुंज दिसायला सर्वांत सुंदर आणि चावली गेली तर सर्वांत घातक, तिला घरात थारा देऊ नका. चाफ्याची गळालेली फुले खुशाल वेचावीत, पण चाफ्याचा किंवा रुईचा चीक कातडीला आणि विशेषतः डोळ्यांना लागू देऊ नये. कधी काही गिळले गेलेच तर तोंडातला उरलेला भाग बोटाने काढा, चूळ भरवा, उलटी करवू नका आणि त्या झाडाचे पान सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. वाहन नसेल तर 108 क्रमांक आहे.

सासूबाईंच्या म्हणण्याचे तुम्हाला नवल वाटते, मला वाटत नाही. गुहागरच्या परसातली माती आणि संकुलातल्या खेळाच्या जागेतली वाळू यांत फरक आहे, आणि तो त्यांना कळतो. उघड्या वाळूत मांजरे घाण करतात. त्या वाळूत हात घालू न देणे हा त्यांचा आग्रह मी तरी मोडणार नाही. म्हणून गोळ्यासाठी माती तुमच्या कुंडीतली घ्या, काम संपले की हात साबणाने धुवा, नखे कापलेली ठेवा, आणि जंताच्या औषधाबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांना ते दिले जाते, आणि तुमच्या मुलीची मात्रा डॉक्टर सांगतील. एवढे केल्यावर सासूबाईंना एक विनंती करून पाहा. माडाच्या झावळीची पात गुंडाळून, हीर टोचून पिपाणी कशी करतात, हे त्यांना विचारा. उत्तर तोंडी मिळणार नाही. पात मागितली जाईल. वडाच्या किंवा फणसाच्या पानाचा बैल त्यांना येत असेल तर तोही करवून घ्या. पूर्ण झालेली वस्तू मुलाला आवडत नाही असे मुळीच नाही. घुबडाकडे तिने पाहिले नाही याचे कारण ते होत असताना तुम्ही तिला दहा वेळा 'हात लावू नकोस' म्हणाला असाल. आजीच्या हातात पातीची पिपाणी होताना ती नुसती बघत बसेल, कारण तिथे तिच्याकडून कोणाची काही अपेक्षा नसते. हीर मात्र टोकदार असते, तेव्हा टोचण्याचे काम संपले की उरलेल्या काड्या आजींनी उचलून ठेवाव्यात.

माळीही बरोबर आहे. फुले तोडू नयेत ही पाटी लहान मुलासाठीही असते, आणि दोन वर्षांच्या मुलाला 'झाडावरचे झाडाचे, खाली पडलेले आपले' हा नियम आश्चर्य वाटावे इतक्या लवकर कळतो. शनिवारी त्याला आधी नमस्कार करा आणि दोन गोष्टी विचारा : कीटकनाशक कधी फवारले आणि छाटणी कधी आहे. फवारणीनंतर चार-पाच दिवस त्या वाफ्यांतले काही वेचू नका. छाटणीच्या दिवशी मात्र सकाळी खाली जा, कारण त्या दिवशी पानांचा ढीग त्याला नकोसा असतो आणि तुम्हाला हवा असतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कधी येऊरला गेलात तर तिथून काही उचलून आणू नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथली वनसामग्री बाहेर नेता येत नाही. वेचून, मांडून, पाहून तिथेच ठेवून यायचे. ठाण्यात वेचण्याजोग्या जागा भरपूर आहेत, येऊरच्या वाटेवरचे एक पान कमी पडले म्हणून काही अडत नाही.

हा क्रम पावसाळ्यापर्यंत चालेल. जूनपासून सुरवंट निघतात, त्यांच्या केसांनी अंगभर खाज सुटते, आणि साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टो या तापाचा धोका असतो, म्हणून त्या चार महिन्यांत डबक्यात खेळणे नको. शाडूची माती घेऊन गॅलरीत बसा. पाऊस ओसरू लागला की पहाटे प्राजक्ताखाली जा. तोपर्यंत ती पावणेतीन वर्षांची झालेली असेल आणि डबा स्वतः धरून पुढे चालेल.

आता ढिगाचे. पाने वाळली की चुरतात, शेंगांतून भुंगे निघतात आणि घरात महिनाभर ठेवलेल्या वस्तूंना मूल फिरून हातही लावत नाही. पिंपळपानाची जाळी करावी म्हणून बादलीत पाने भिजत घालण्याचा विचार मनात आला असेल तर बादलीवर घट्ट झाकण हवे, नाहीतर आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या होतात. आणि ते काम आठवडे चालते, त्यामुळे ते तिचे नाहीच. दोन-तीन आवडत्या शेंगा ठेवून बाकीचे सगळे येत्या रविवारी डब्यात भरा आणि ज्या झाडाखालून आणले तिथे तिला ओतू द्या. ओतणे हे तिचे चौथे काम, ते ती मनापासून करील. त्या दिवशी नाष्टा आधी उरकून घ्या, कारण डबा रिकामा झाला की ती त्याच ढिगातून पुन्हा वेचायला बसेल.